पावसाळ्यात सक्युलंट बुडातून सडतात, पानांना मुळं फुटत नाहीत: कोल्हापूरच्या हवेत नेमकं काय चुकतं

तक्रार दर वर्षी तीच असते. एचेव्हेरिया हे गुलाबासारखा पानांचा गुच्छ असलेलं सक्युलंट, म्हणजे मांसल पानांत पाणी साठवणारं झाड. हिवाळाभर टपोरं दिसणारं हे झाड जूनअखेरपर्यंत ठीक असतं. जुलैत खालची पानं पिवळट, काचेसारखी आरपार दिसू लागतात, हात लागताच गळतात, आणि दोन-तीन दिवसांत अख्खा गुच्छ खोडापासून सुटून हातात येतो. गळलेली पानं मातीवर मांडावीत तर तीही मुळं फुटायच्या आत काळी पडतात. दिवाळीनंतर नवं रोप येतं आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच घडतं.

'पाणी कमी घाला' हा सल्ला खरा आहे, पण अपुरा आहे. जुलैत आठवड्यातून एकदाच पाणी घालणाऱ्यांचीही झाडं सडतात. लक्ष ठेवायचं ते वेगळ्याच गोष्टीवर: पाणी दिल्यावर कुंडी आतपर्यंत किती दिवसांत वाळते? ४ इंची कुंडी तीन-चार दिवसांत वाळली पाहिजे, फार तर सहा. नर्सरीतल्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) मिश्रणात तीच कुंडी पावसाळ्यात पंधरवडाभर आतून ओली राहू शकते. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी निदान

पान आणि माती दोन्ही एकत्र तपासा. एकट्या पानावरून हमखास चूक होते.

सर्वांत खालची एक-दोन पानं वाळून कागदासारखी झाली असतील तर काळजी नको. जुनं पान झाड असंच सोडतं. पान सुरकुतलेलं, मऊसर आणि माती खडखडीत कोरडी असेल तर झाड तहानलेलं आहे, पाणी द्या, दोन दिवसांत पान भरेल. पान आरपार दिसतंय, पिचपिचीत आहे आणि माती ओली आहे, तर सड सुरू झाली.

घात होतो तो चौथ्या प्रकारात: पान सुरकुतलेलं, पण माती ओली. मुळं आधीच गेलेली असतात, म्हणून ओल्या मातीत उभं राहूनही झाड तहानेनं सुकतं. वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलंय, म्हणून तो आणखी घालतो. बहुतेक जेड अशानं जातात, कारण त्याचं खोड जाड असतं आणि वरचं रूप बरेच दिवस टिकून राहतं. शंका आली की उदबत्तीची काडी कुंडीच्या बुडापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडी गार लागली, तिला माती चिकटली किंवा ती काळपट झाली तर पाण्याचं भांडं हातात घेऊ नका. झाड कुंडीतून बाहेर काढा.

निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी आणि चिवट असतं. सडलेलं मूळ ओढलं की वरची साल हातात येते, आत दोऱ्यासारखी शीर उरते आणि नासक्या बटाट्याचा वास येतो.

इथल्या हवेत हे दर वर्षी का होतं

एचेव्हेरियाच्या बहुतेक जाती मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या, जेड आणि हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेतल्या. कोरड्या मुलखात पाणी वाचवायला यांनी एक युक्ती साधलेली आहे: पानांची छिद्रं दिवसा मिटलेली, रात्री उघडी. जेड ज्या क्रॅसुला कुळातलं, त्या कुळावरूनच या पद्धतीला शास्त्रीय नाव मिळालं. रात्री हवा गार, त्यामुळे पानातून पाणी कमी उडतं. पण आपल्याकडे जुलैच्या रात्री हवा बाष्पानं भरलेली असते. छिद्रं उघडली तरी पाणी उडत नाही, झाड मुळांतून पाणी ओढत नाही, आणि वरून आठवडाभर ऊन नाही. कुंडी वाळायचे दोन्ही मार्ग एकाच वेळी बंद होतात. मातीच्या पोकळ्यांत पाणी साचून राहिलं की मुळांना प्राणवायू मिळत नाही. मुळं गुदमरतात आणि पिथियम, फायटोप्थोरासारख्या पाण्यात फोफावणाऱ्या रोगजंतूंना आयतं खाद्य मिळतं.

त्यात भर आपल्या काळ्या मातीची. उसाला ती सोनं आहे, कारण ती फुगते आणि ओल धरून ठेवते. सक्युलंटच्या कुंडीत हाच गुण मुळावर येतो. मूठभर काळी माती मिसळली तरी ती खडीच्या फटी बुजवते. शाडूची माती तर त्याहून बारीक. घरी बादलीत विसर्जन केलेल्या गणपतीची माती कुंडीत घालण्याची पद्धत चांगलीच आहे, पण ती जास्वंदीला, तुळशीला घाला, तीही कंपोस्टमध्ये मिसळून. सक्युलंटच्या कुंडीत चमचाभरसुद्धा नको.

मांसल पानाची किंवा खोडाची सगळीच झाडं पावसाला भितात असं मात्र नाही. आपल्या सह्याद्रीतली कंदीलपुष्पं, म्हणजे सेरोपेजिया, उन्हाळा जमिनीखालच्या कंदात काढतात आणि पावसाळ्यातच वाढतात, फुलतात. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागानं त्यांच्या संवर्धनाचं मोठं काम केलं आहे. त्यांचा हंगाम एचेव्हेरियाच्या बरोबर उलटा, म्हणून दोघांना एका ट्रेमध्ये ठेवून एकच पाणी देऊ नका.

मुळाशी लपलेला गोळा

चांगलं मिश्रण वापरूनही झाड सडलं, तर कारण बहुतेक वेळा इथे सापडतं. नर्सरीतून आणलेलं रोप काळ्या पिशवीतून काढून, मुळं हलू नयेत म्हणून मातीच्या गोळ्यासकट नव्या कुंडीत बसवलं जातं. गुलाबाला हे योग्य, इथे घातक.

रोप हातात घेऊन गोळा हलक्या हातानं फोडून बघा. बाहेरची माती सुटल्यावर खोडाच्या अगदी खाली, लिंबाएवढा किंवा त्याहून लहान, गर्द तपकिरी कोकोपीटचा घट्ट गोळा दिसेल. रोप लहान असताना ते ट्रेमध्ये वाढवलेलं असतं, त्याचा हा अवशेष. कधी त्याभोवती पातळ कापडी जाळी किंवा प्लास्टिकचा छोटा जाळीदार कपही असतो, आणि खोड जाड होईल तशी ती जाळी त्याला आवळत जाते. भोवतालची खडी तीन दिवसांत वाळते, पण स्पंजासारखा हा गोळा मधोमध ओलाच राहतो, आणि खोडाचं बूड नेमकं त्यावर टेकलेलं असतं. वरून काडी खुपसली तर ती बाजूच्या कोरड्या भागात जाते, म्हणून तपासणीतही हे सुटतं.

रोप आणल्यावर आठवडाभर पाणी देऊ नका. गोळा कोरडा झाला की बोटांनी चुरून काढा. न सुटणारा भाग कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून टूथपिकनं सोडवा, जाळी कात्रीनं उभी कापून काढा. चार-दोन बारीक मुळं तुटतील, तुटू द्या. मग रोप उघड्या मुळांनी सावलीत तीन-चार दिवस ठेवा आणि कोरड्या मिश्रणात लावा. पहिलं पाणी रोप लावल्यानंतर पाच दिवसांनी द्या.

मिश्रण

एकाच मगानं मोजा: ३ मग भाजक्या विटेचे खडे किंवा धुतलेली खडी, १ मग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) किंवा लोणारी कोळशाचे तुकडे, १ मग धुऊन पिळलेलं कोकोपीट, १ मग चाळलेलं गांडूळखत. सहापैकी चार भाग पाणी धरून न बसणारे हवेत. एवढ्यात ४ इंची चार-पाच कुंड्या भरतात, मग केवढा आहे त्यावर एखादी कमी-जास्त.

खड्यांचा आकार २ ते ५ मिलिमीटर. घरातल्या चाळणीनं जमतं: गव्हाच्या चाळणीतून खाली पडलेलं घ्या, ते रव्याच्या चाळणीत घाला, आणि रव्याच्या चाळणीत वर राहील तेवढंच वापरा. खाली पडलेली भुकटी टाकून द्या, सगळा बिघाड तिच्यात आहे. बांधकामावरची क्रश सँड वापरायची असेल तर तिच्यातली दगडाची पूड चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन घ्या. गिलाव्याची बारीक वाळू घालू नका. 'वाळू घातली की पाणी निचरतं' हे बारीक वाळूला लागू नाही, ती फटींत बसून सगळं घट्ट करते.

वीट खणखणीत भाजलेली हवी. तिचे चार तुकडे रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी पाणी गढूळ झालं आणि तुकडा बोटानं चुरला तर ती कच्ची आहे, कुंडीत तिचा चिखल होईल. पाडलेल्या भिंतीच्या विटा टाळा, त्यांना चुना-सिमेंट चिकटलेलं असतं.

कुंडी रोपाच्या पसाऱ्यापेक्षा बोटभरच मोठी घ्या. कुंभाराकडची मातीची कुंडी सगळ्यांत चांगली, तिच्या भिंतीतूनही ओल बाहेर पडते. तळाशी खडीचा किंवा खापरांचा थर देण्याची जुनी सवय सोडा. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडतं. म्हणजे ओला पट्टा बुडाऐवजी मुळांच्या जवळ येतो. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा पुरतो.

कुंडी वाळली की नाही हे ओळखायचा सर्वांत खात्रीचा मार्ग स्वयंपाकघरातला वजनकाटा. पूर्ण कोरड्या कुंडीचं वजन चिकटपट्टीवर लिहून तिलाच लावा. समजा ते ३८० ग्रॅम आहे आणि पाणी निथळल्यावर ४७० भरलं, तर आत ९० ग्रॅम पाणी आहे. रोज त्याच वेळी वजन करा. काटा ३९० च्या आत आला की कुंडी वाळली. नोव्हेंबरात याला चार दिवस लागले आणि जुलैत बारा, तर तुमच्या घरचं उत्तर तुमच्यापुढे आहे: मिश्रण आणखी खडबडीत करा किंवा जागा बदला.

जागा

'दक्षिणेच्या खिडकीत ठेवा' हा सल्ला थंड देशांतून आला आहे. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही. पावसाळ्यात पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी सर्वांत उपयोगी. डिसेंबरात हीच दक्षिणेची खिडकी उत्तम.

झाडं आडोशाला न्यायची मुदत लोक मृग नक्षत्रापर्यंत धरतात. ती उशिराची आहे, मुदत वळवाच्या पहिल्या पावसापर्यंतच. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरची कुंडी तापलेली असते, झाड उष्णतेनं मंदावलेलं असतं, आणि संध्याकाळी धो-धो पाणी पडतं. गरम आणि ओली माती यांच्याइतकी वेगानं सड दुसरी कशानं होत नाही, शिवाय गारा पानं फोडतात ते वेगळंच. वर पारदर्शक पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या अशी सोय करता आली तर छान. वळचणीखाली ठेवू नका, पन्हळीची धार बरोबर गुच्छाच्या मधोमध पडते.

उजेड कमी पडला की झाड उंच, किडकिडीत होतं, पानांत अंतर पडतं. हा ताणलेला भाग पुन्हा आखूड होत नाही. घरात पुरेसा उजेड नसेल तर २० वॉटची, ६५०० के लिहिलेली, ४ फुटी पांढरी एलईडी पट्टी झाडांवर ८-१० इंचांवर टांगून रोज १२ तास लावा. महिन्याला सात युनिटच्या आसपास वीज जाते. एक छोटा पंखा दिवसातून दोन-तीन तास फिरता ठेवला तर वाळण्याचा वेग लक्षात येण्याइतका वाढतो.

ऑक्टोबरात उलटी चूक होते. चार महिने सावलीत राहिलेलं झाड एकदम गच्चीवर नेलं की पानांवर तपकिरी भाजलेले डाग पडतात आणि ते कायम राहतात. पहिले तीन-चार दिवस सकाळचं तासभर ऊन, मग दोन तास, असं करत बारा दिवसांत पूर्ण उन्हात न्या.

पाणी

पावसाळ्यात ४ इंची कुंडीला ४०-५० मिलिलिटर, तेही खालची पानं मऊ पडली तरच. पंधरा-वीस दिवसांत एकदा पुरतं, कधी त्याचीही गरज पडत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला वाढीचा काळ, तेव्हा दर सात ते दहा दिवसांनी तळातून निथळेपर्यंत द्या. मार्चपासून वळीव सुरू होईपर्यंत संध्याकाळी, कुंडी गार झाल्यावर. बशीत साचलेलं पाणी दहा मिनिटांत ओता.

सडलेलं झाड वाचवताना

बूड गेलं तरी शेंडा शाबूत असतो, पण तासांचा खेळ आहे. झाड काढा, माती झटका, धुऊ नका. ब्लेड मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटनं पुसा आणि खोड सडीच्या वर एक सेंटिमीटरवर आडवं कापा. आता कापलेली चकती उजेडात धरून बघा. निरोगी चकती सगळीकडे सारखी, फिकट हिरवी किंवा पांढरट असते. मधोमध तपकिरी ठिपका किंवा कडेनं गोल तपकिरी वलय दिसलं तर रोग शिरांतून वर चढला आहे. पुन्हा ब्लेड पुसा, दोन-तीन मिलिमीटर वर पुन्हा कापा. ठिपका टाचणीच्या टोकाएवढा राहिला तरी थांबू नका. 'एवढ्यानं काय होतं' म्हणून सोडलेला तो ठिपका आठवड्यात शेंडा खातो. अगदी गुच्छापर्यंत कापावं लागलं तरी चालेल, खोड अर्धा सेंटिमीटर उरलं तरी मुळं फुटतात.

खालची पानं काढून एक इंचभर खोड मोकळं करा आणि शेंडा रिकाम्या वाटीच्या काठावर, काप हवेत राहील असा ठेवा. काप वाळून बटाट्याच्या शिळ्या फोडीसारखा कडक, कोरडा लागला पाहिजे. याला जानेवारीत तीन-चार दिवस लागतात, जुलैत पंख्याखाली आठ-दहा. हळद लावली तर हरकत नाही, पण हळदीनं वाळवण्याचे दिवस कमी होत नाहीत. बुरशीनाशक वापरायचं असेल तर कार्बेन्डाझिम १२ टक्के आणि मॅन्कोझेब ६३ टक्के असलेली पूड, लिटरला २ ग्रॅम. हातमोजे घाला, पाच मिनिटं बुडवा आणि पुन्हा पूर्ण वाळवा.

मग कोरड्या मिश्रणावर नुसतं टेकवा. हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात, पावसाळ्यात महिना धरा. मुळं दिसेपर्यंत पाणी नाही. हा उपास झाडाला सोसतो, पानात साठा असतो.

पानापासून रोप: पानफुटीचा नियम इथे चालत नाही

पानफुटीचं पान वहीत ठेवलं तरी कडेच्या खाचांतून रोपं येतात, हे आपण लहानपणापासून बघतो. त्यामुळे एचेव्हेरियाचं पान अर्धं तुटलं तरी चालेल असं वाटतं. चालत नाही. पानफुटीत कोंब कडेला असतात, एचेव्हेरिया, घोस्ट प्लांट, सेडम आणि जेडमध्ये नवं रोप पानाच्या देठाकडच्या टोकातूनच येतं. ते टोक खोडावर राहिलं तर उरलेलं पान कधी मुळं धरेलही, पण रोप देणार नाही.

पान खोडाजवळ पकडा आणि डावीकडे-उजवीकडे हळू हलवा, वर-खाली नको. बारीक 'टक' होऊन पान सुटतं. टोकाशी गुळगुळीत, किंचित खोलगट चंद्रकोर दिसली तर पान कामाचं. टोक फाटकं, ओलं, तिरपं असेल तर बाजूला ठेवा. आदल्या आठवडाभर झाडाला पाणी देऊ नका, फुगलेली पानं चटकन मोडतात.

कोरफड पानापासून होत नाही, तिची पिल्लं वेगळी करा. हॉवर्थियालाही पिल्लंच बरी. सापाच्या पट्ट्याच्या, म्हणजे स्नेक प्लांटच्या, पानाचे तीन-तीन इंचांचे तुकडे लागतात, पण पिवळ्या काठाच्या जातीचं रोप साधं हिरवं निघतं. पिवळा काठ हवा असेल तर बुडखा विभागा.

पानं लावायचा काळ दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात गळलेली पानं वाया घालवायची नसतील तर त्यांना माती दाखवूच नका. अंड्यांचा कागदी ट्रे घ्या, एका खळग्यात एक पान, आणि तो घरात कपाटावर, उजेडात पण थेट उन्हात नाही असा ठेवा. कागद बाष्प टिपतो, आणि एक पान सडलं तरी शेजारचं वाचतं. दोन ते चार आठवड्यांत टोकाशी गुलाबी-पांढरे दोरे येतात. मुळं हवेत दिसल्यावरच मिश्रणावर ठेवा, मुळांवर चिमूटभर मिश्रण पसरा आणि त्या जागी ड्रॉपरनं पाच-सहा थेंब, दर तीन-चार दिवसांनी. स्प्रेनं फवारू नका, पाणी पानाच्या पाठीवर बसतं आणि तिथूनच काळेपणा सुरू होतो. मूळ पान स्वतःहून वाळून गळेपर्यंत तोडू नका, रोपाचा शिधा त्यात असतो. जेडला धीर लागतो, रोप दिसायला दोन महिनेही जातात.

सड नाही तरी झाड खंगतंय

कुंडीत मुंग्या दिसतात का बघा. पिठ्या ढेकणाच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या येतात. पानांच्या बेचक्यांत कापसाचे पुंजके असतील तर कानकाडी स्पिरिटात बुडवून एकेक पुसा आणि दर पाच दिवसांनी तीन वेळा करा, कारण अंडी एका फेरीत मरत नाहीत. वर काही नसेल तर झाड उपसा. मुळांवरचा ढेकूण परलाइटच्या दाण्यासारखा दिसतो, पण बोटानं दाबला तर मेणासारखा पसरतो, परलाइट कुरकुरतो. मुळं धुवा, वाळवा, सगळं मिश्रण बदला.

पानांवरचा पांढरा थर मात्र कीड समजून पुसू नका. उसाच्या कांड्यावर असते तशीच ती मेणाची भुकटी, ऊन आणि पाणी दोन्हीपासून राखणारी. एकदा पुसली की त्या पानावर पुन्हा येत नाही, बोटाचा ठसा तसाच राहतो. निंबोळी तेलानंही ती जाते, म्हणून अशा जातींवर तेल फवारू नका.

सडलेल्या झाडाची कुंडी घासून दोन दिवस कडक उन्हात ठेवून वापरता येते. मिश्रणातले विटेचे खडे वेगळे करा, उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा, वाळवा, पुन्हा घ्या. कोकोपीट आणि खताचा भाग शेजारच्या सक्युलंटजवळही नको, तो आंब्याच्या किंवा नारळाच्या बुडात टाका.